आमचे पेत्रोराव

जावयाबद्दल सासूने असं लिहायला बसावं, हा क्रम काही बरोबर नाही. पण दीडेक महिन्यापूर्वी मी कणीक मळत असताना मंजिरीचा फोन आला, "आई, पेत्रो गेला गं… बागेत खुर्चीत बसला होता, तिथेच…" आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून हलायला तयार नाही. रडून झालं. आता जे आठवतं त्यातलं बरंचसं हसू आणणारं आहे, आणि त्यांनाही तसंच आवडलं असतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मंजिरी नुकतीच युनिव्हर्सिटी संपवून नोकरीला लागलेली. एक दिवस म्हणाली, "शनिवारी पीटरला लंचला बोलावलंय." आम्हाला वाटलं, असेल कोणी इंग्रज. दारात हा उंचापुरा, पिंगट केसांचा मुलगा उभा. 'हॅलो' म्हणायच्या आधी वाकला, बूट काढले आणि भिंतीशी नीट लावून ठेवले. मी बघतच राहिले. इतकी वर्षं या देशात काढली, पण न सांगता बूट काढणारा गोरा पाहुणा मी पहिल्यांदाच पाहत होते. "मंजिरीने शिकवलं का?" मी विचारलं. तर म्हणाला, "नाही हो. बूट घालून आत आलेल्याला माझी आई जेवायलाच वाढत नाही."

जेवताना सगळं कळलं. जन्म नॉटिंगहॅमचाच, पण वडील युक्रेनचे आणि आई बेलारूसची. दोघंही कोवळ्या वयात महायुद्धात घराबाहेर फेकली गेलेली, युद्धानंतर कामगार म्हणून इंग्लंडला आलेली. वडील कोळशाच्या खाणीत, आई मोज्यांच्या कारखान्यात. मुलगा इंजिनिअर झाला आणि खाणीत झिरपणारं पाणी उपसणारे पंप डिझाइन करू लागला, कारण वडिलांनी उभा जन्म त्या पाण्यात भिजून काढला होता. शाळेत तो पीटर, वडिलांचा पेत्रो, आईचा पेत्रूस. "तुम्हाला सोपं पडेल ते म्हणा," म्हणाला. तो गेल्यावर हे जरा खोचकपणेच म्हणाले, "काय मंजिरीबाई, हेच का तुमचे पेत्रोराव?" ते नाव जे चिकटलं, ते कायमचं.

ह्यांना हे लग्न पसंत नव्हतं. "मुलगा चांगला आहे, पण आपण नसू तेव्हा ही पोर कुठल्या माणसांत असेल?" असं सारखं म्हणत. पेत्रोरावांच्या कानावर ते गेलं असावं. त्यांनी वाद घातला नाही, एवढंच म्हणाले, "एकदा माझ्या आईला भेटा."

वडील तोवर वारले होते. आई, हान्ना, डोक्याला रुमाल बांधून एकटी आली. तिचं इंग्रजी कारखान्यापुरतं आणि माझं हॉस्पिटलच्या पार्ट्यांपुरतं, त्यामुळे पेत्रोराव मध्ये दुभाषी. शुभ म्हणून मी गव्हाची खीर केली होती, खसखस घालून. वाटी पुढे ठेवली तशी हान्नाचा चेहरा उतरला. छातीवर क्रूस काढून ती मुलाला हळूच काहीतरी म्हणाली. पेत्रोराव कानापर्यंत लाल झाले.

"आई विचारते आहे… तुमच्याकडे कोण गेलं?"

शिजवलेला गहू, मध, खसखस… त्यांच्याकडे ती कुच्चा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आणि मयतानंतर करायची, गेलेल्यांच्या नावाने वाटी काढून ठेवायची. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हान्नाने मात्र दोन वाट्या खाल्ल्या आणि मुलाकडून निरोप दिला, "आमच्याकडे ही मेलेल्यांना वाढतात. जिवंतांना वाढलेली जास्त चांगली लागते." हे इतके हसले, इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यानंतर लग्नाची तारीख काढायचंच काय ते उरलं होतं.

पुढच्या काही वर्षांत इथल्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. खाणी नाहीत तर पंप कशाला? पेत्रोरावांची नोकरी गेली. पण नोकरीपेक्षा त्यांच्या मनाला वेगळंच लागलं होतं. "आई, पंप थांबवले की खाली पाणी चढतं. बाबा जिथे काम करायचे ते सगळं आता पाण्याखाली," एवढंच एकदा मला म्हणाले.

त्याच सुमाराला सोव्हिएत संघ फुटला होता. हान्नाने घरी कधी पत्र टाकलं नव्हतं. परदेशातलं पत्र आलं तर मागे राहिलेल्यांना त्रास होईल, ही धास्ती. आता पेत्रोराव म्हणाले, "चल, तुझ्या गावाला जाऊ." ती म्हणाली, विहीणबाई येत असतील तर. मंजिरीला दिवस गेले होते, म्हणून ती घरी राहिली आणि मी निघाले.

शेवटच्या टप्प्यात भाड्याची गाडी केली. गाव सापडलं, घर सापडलं. फाटकाशी एक म्हातारी उभी होती. ती वेरा, हान्नाची धाकटी बहीण. हान्नाने आपलं नाव सांगितलं. वेरा तुटकपणे काहीतरी बोलली. पेत्रोराव माझ्या कानाशी म्हणाले, "मावशी म्हणते, हान्ना लढाईत मेली. दर नाताळला आम्ही तिची वाटी काढून ठेवतो."

 त्यावर हान्नाने दिलेलं उत्तर पेत्रोरावांना धड सांगताही येईना. "म्हणते… मग आण ती वाटी. भूक लागली आहे."

वेरा एकटक बघत राहिली. मग फाटक उघडायचंही भान तिला उरलं नाही, वरूनच तिने हान्नाला मिठी मारली.

पेत्रोराव विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले होते. मी शेजारी बसले. "वाटभर भीती होती," ते म्हणाले. "तिथे कोणीच नसलं तर हिला परत कशी नेऊ? बाबांचं गाव तर राहूनच गेलं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुढचे दिवस बहिणी बोलत राहिल्या आणि पेत्रोरावांनी विहिरीचा कुरकुरणारा रहाट दुरुस्त केला. हान्ना उन्हाळाभर तिथेच राहिली, पण नातीच्या जन्माला बरोब्बर परतली. नातीचं नाव मीरा. माझ्याकडे ते आपलंच, आणि हान्नाच्या भाषेत मीर म्हणजे शांतता. त्या नावावरून काही भांडण झालं नाही.

पेत्रोरावांना पुढे पुराचं पाणी उपसणाऱ्या स्टेशनांवर काम मिळालं आणि निवृत्तीपर्यंत ते त्यात रमले. मीराशी मी मराठीत बोलायचे, ते ऐकून ऐकून तेही शिकले. लिंगाच्या चुका भरपूर, पण एक चूक ते हट्टाने करायचे. "आई, माझी चहा?" मी म्हणायचे, अहो, चहा तो. तर म्हणायचे, "माझ्या आईच्या भाषेत चहाला गरबाता म्हणतात, आणि ती बाई आहे. मी तिला पुरुष करणार नाही."

परवा मीरा आली. नोकरीवरून थेट, दमलेली. दाराशी पर्स टाकली आणि स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "आजी, माझी चहा?"

"ठेवली आहे बाळा," मी म्हटलं. "पी, गार होईल ती."