बांधावरचा चहा

लस टोचायला येणाऱ्या सरकारी दवाखान्याच्या सिस्टरनी आमच्या दोन वस्त्यांत कधी कुणाच्या घरचा चहा घेतला नाही. मूळच्या औंधच्या, चहाची लय तलफ, पण दारातूनच म्हणायच्या, "एका घरात प्याले, की दुसऱ्या घरातलं पोर सुई घेत न्हाई."

खोटं नव्हतं ते. पालखीच्या मानावरून वरची वस्ती आणि आमची खालची वस्ती भांडल्या. बाप्यांनी बिरोबाचा भंडारा उचलून घराघराची शपथ घेतली: पलीकडच्या अंगणात पाय टाकायचा नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही. माझ्या सासूबाईंची सख्खी बहीण वरच्या वस्तीत दिलेली. मान बाप्यांचा, आणि बोलणं तुटलं या दोघींचं! मला अजून संताप येतो.

त्यातच साताऱ्याहून एका संस्थेचं आरोग्य शिबिर आलं. माणसं भली, पण मांडव घातला वरच्या वस्तीच्या देवळापुढं. झालं! "औषधं त्यांनीच लाटली," म्हणत आमच्याकडून दगड गेले. शिबिरानं गाशा गुंडाळला. आमची पोरं लशीवाचून राहिली, त्यात माझी तान्ही लेकही. सिस्टर कडाडल्या, "औषध चांगलं हाय वं, पण ते कुनाच्या अंगणात उतरतंय ते कोन बघनार?"

मग त्यांनी लशीचा डबा दोन वस्त्यांमधल्या बांधावर, लिंबाखाली मांडला. रांग एकच. बापे गुरगुरले, तेव्हा म्हणाल्या, "बांध कुनाचं अंगण हाय, सांगा की!" माझ्या लेकीला तिथंच सुई मिळाली. सासूबाई आणि त्यांची ती बहीण, आमच्या मावशी, मात्र रांगेच्या दोन टोकांना, तोंडं फिरवून.

एके दिवशी सिस्टरनी बांधावर तीन दगड मांडले. "आता पाजा मला चहा. दूध खालचं, पत्ती-साखर वरची. त्याची शपथ कुनी घेतली न्हाई. पानी माझ्या बाटलीतलं." पुढं दर लसीकरणाला तो चहा व्हायचा. बहिणी एकाच पातेल्यातला प्यायच्या, पण शब्द नाही.

यंदा उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. आमचं छत्रच गेलं. बातमी कळली तशा दोन्हीकडच्या बायका आपसूक बांधावर जमल्या. दूध आलं, साखर आली, चूल पेटली आणि सगळ्या थबकल्या. पाणी कुणाचं?

मावशी वरच्या वस्तीच्या आडावरून तशाच आल्या होत्या; कमरेवर भरली कळशी होती. सासूबाई उठल्या, ती ओढून घेतली आणि पातेल्यात ओतली.

"आक्का, शपथ हाय गं," मावशी पुटपुटल्या. इतक्या वर्षांतला त्यांचा तो पहिला शब्द.

"देवाला मी सांगीन काय ते," सासूबाई म्हणाल्या. "तू पत्ती टाक."