नऊ सवारी
पिकलेल्या जांबाचा, म्हणजे पेरूचा, वास आला की मला कचारगडच्या फाट्यावरची ती काळीपिवळी जीप आठवते. हिवाळ्यातली दुपार कलली होती आणि गुहा पाहून आलेलं एक निवृत्त जोडपं गाडीत सगळ्यांच्या शेवटी चढलं. पॅसेंजर रेल्वेनं फिरायचं, धर्मशाळेत उतरायचं, असा त्यांचा प्रवास. काकूंनी टेकल्या टेकल्या सगळ्यांना जांबाच्या फोडी वाटल्या. मी सालेकशाला प्रवाशांच्या हक्कांवर बोलायला निघालो होतो. फोड खात त्यांना सभेचं पत्रकही दिलं. मग माणसं मोजली आणि ड्रायव्हरवर ओरडलो, "परवाना नऊचा आहे, अकरा बसवलेत. दोघं उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही!" "काऊन तापून राहिला, नेताजी?" असं म्हणून तो हसला आणि जोडप्याकडे वळला, "चला काका, मागून चढले ते उतरा." काकांनी घड्याळ पाहिलं. "अरे भाऊ, आमची पॅसेंजर हुकते ना. आज मग दुसरी नाही." कोणी हललं नाही. मीही नाही. काकूंनी चादरीची वळकटी काखेत धरली, काकांमागून खाली उतरल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बसून राहा बाबू, तुमची सभा हाय ना." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मान वर करवेना. सभेत मी जोरात बोललो, टाळ्याही पडल्या. नियम बरोबर होता, असं मी आजही म्हणतो. पण उतरायला सगळ्यांत आधी मी उठायला हवं होतं, आणि हे मला तेव्हा, गाडीत बसल्या जागीच कळलं होतं.