पहिलें पाणी, मग हात

फोन आला तेव्हा मी पुण्यात एका पुस्तकाची मुद्रितं तपासत बसलो होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मालिनी, माझी बायको, दोन आठवड्यांपासून माहेरी कुंभकोणमला होती. "अप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी आंघोळ करून बाहेर आले, खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्याच गेले... मी तिला धीर देणारं काहीतरी बोललो. पण फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. आता त्यांची माफी मागावी लागणार नाही, असं आलं. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आज सात आठवडे झाले तरी तो क्षण माझ्या मानेवरून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझे सासरे जीवाजी राव. मी त्यांना मामा म्हणत असे, आणि ते मला जावईबापू. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा तिकडे गेलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये, पण उंबऱ्याच्या आत मराठी. तीही अशी, की आपण कागदावर वाचावी आणि त्यांनी मात्र सहज तोंडाने बोलावी. 'करितों', 'जाऊं', 'मजला ठाऊक आहे'. मधूनच वंडी म्हणजे गाडी, कीरल म्हणजे ओरखडा, असे तमिळ शब्द. 'ख' आणि 'भ' तमिळ वळणाने हलके होऊन येत, त्यामुळे भाजीची बाजी व्हायची. माझा धंदा मुद्रितशोधनाचा. दुसऱ्याच्या मराठीत काय चुकलं हे शोधण्याचे मला पैसे मिळतात, आणि ही खोड घरी काढून ठेवता येत नाही.

मामा तिरुभुवनमच्या एका विणकर सोसायटीत रेशमी साड्या तपासायचे. मागावरून उतरलेली साडी हातावर पसरायची, बोटं फिरवायची, कुठे धागा ओढला गेला आहे ते सांगायचं. मी एकदा विचारलं होतं की तुम्हाला इतकं बारीक दिसतं कसं, तर म्हणाले की दिसत नाही, आधी बोटाला कळतं, डोळा मागून येतो. मायिलाडुतुरैच्या रस्त्याने एकतीस वर्षं ते ज्या मोटारसायकलवरून कामाला गेले, ती काळी मोटारसायकल त्यांनी निवृत्तीनंतरही ठेवली. टाकीवर तोंड पाहून घ्यावं अशी. शेजारचे लोक विचारत, रंग पुन्हा मारला का? मारलेला नव्हता. दर रविवारी सकाळी, ऊन मागच्या अंगणात यायच्या आत, ते ती स्वतः धुवत. पुढच्या दारी कधी नाही, कारण तिथे मामींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, रांगोळी असे आणि पाणी तिच्यावरून गेलेलं मामींना चालत नसे.

लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला मी एका रविवारी चहाचा पेला घेऊन मागे गेलो, आणि फडका उचलून मदत म्हणून टाकी पुसायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट नव्हे, साडी धरावी तसं.

"वाळल्या अंगास हात लावूं नये," ते म्हणाले. "पहिलें पाणी, मग हात. पाणी पडलें की माती आपण होऊन उतरते. आपण उतरवूं जातों, तेव्हां कीरल पडतें."

मग त्यांनी मला सगळं दाखवलं. गाडी थंड असली पाहिजे. तापलेल्या टाकीवर साबण वाळला की डाग बसतो. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा. दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत नुसतं, फडका खळबळायला. साबण भांड्यांचा नाही, लहान मुलांच्या डोक्याचा. फडका जुन्या सुती वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, शिवण उसवून काढलेला, कारण शिवणीचा दोराही रेघ पाडतो. आधी टाकी, मग सीट, मग खालचं, आणि चाकांना वेगळा फडका. चाकांचा फडका चुकूनही टाकीला लागायचा नाही. हात गोल फिरवायचा नाही, सरळ ओढायचा. फडका जमिनीवर पडला की तो त्या दिवसापुरता गेला. बोअरचं पाणी खारं, म्हणून धुतल्या धुतल्या टिपून घ्यायचं... टिपायचं, पुसायचं नाही. आणि सगळ्यात आधी अंगठी, घड्याळ काढून खिडकीत ठेवायचं.

हे सगळं चालू असताना मी खिशातून फोन काढला. आठवण म्हणून, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. "वंडीस स्नान घालितों" हे ते ज्या गंभीरपणे म्हणाले, त्याचं मला हसू आलं होतं आणि ते माझ्या मित्रांना ऐकवायचं होतं. मी चित्रफीत काढली, साधारण चार मिनिटांची. काढताना मी हसतोय ते तीत स्वच्छ ऐकू येतं. दुपारी ती आमच्या कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली. एकाने लिहिलं, बखर मोटारसायकलवर बसून आली रे. दुसऱ्याने तुकडा कापून त्याला तुतारी जोडली. तो तुकडा पुढे कुठून कुठे गेला मला माहीत नाही. तुमच्यापैकी काहींच्या फोनवर आलाही असेल, आणि तुम्ही हसलाही असाल. तुमचा त्यात दोष नाही.

महिन्याभराने तो तुकडा तंजावरच्या कुणा नातेवाइकाकडून मामींच्या फोनवर आला. मामांनी तो पाहिला, पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग त्यांनी मालिनीला पुण्याला फोन केला. ते रागावले नाहीत. मुलीला फक्त एवढंच म्हणाले, की जावईबापू या विषयातले जाणते आहेत, त्यांना विचार, कोणता शब्द चुकला.

मालिनीने मला ते जसंच्या तसं सांगितलं आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मी म्हटलं, गंमत होती गं, त्यांना सांग मनावर घेऊ नका. ती म्हणाली की हे उत्तर मी सांगणार नाही, तू स्वतः बोल. मी बोललो नाही. ग्रुपवरून चित्रफीत पुसली, माझ्या फोनमधून पुसली, आणि पुसली म्हणजे झालं असं धरून चाललो.

पुढच्या खेपेला स्टेशनवर मामा घ्यायला आले होते. "जर्नी कम्फर्टेबल?" त्यांनी विचारलं. घरी पोचल्यावर "कॉफी ऑर टी?" मामींशी, मालिनीशी मराठी, माझ्याशी इंग्रजी. तेही फार नम्र, ऑफिसातल्या साहेबाशी बोलावं तसं. मी खोलीत आलो की चाललेलं मराठी वाक्य ते मध्येच सोडून देत. असं चार वर्षं चाललं. आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. बोलायचं ठरवून मी दर वेळी जायचो आणि परतीच्या गाडीत बसल्यावर ठरवायचो, पुढच्या वेळी नक्की.

शेवटची भेट गेल्या पोंगलनंतरची. रविवार होता. मी मागे गेलो तर ते बादल्या भरत होते. मी दुसरा फडका घेतला. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मी अंगठी काढून खिडकीत ठेवली. आम्ही दोघांनी मिळून गाडी धुतली, त्यांनी टाकी, मी चाकं. अर्ध्या तासात एक शब्द नाही, इंग्रजीही नाही. मी ते क्षमा म्हणून घेतलं. आता वाटतं, ती क्षमा असेल किंवा नुसती रंगाची काळजी असेल. आणि ते विचारून घ्यायला माझ्याजवळ तो अख्खा अर्धा तास होता.

फोन आला त्याच दिवशी मी कुंभकोणमला निघालो. कावेरीकाठचे विधी उरकले, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी मामींनी मला बोलावलं. त्या फार हळू बोलतात. म्हणाल्या की घरात यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज कुठेच नाही. तुम्ही एकदा काढला होता, तो द्याल का.

मी तो पुसला होता. हे त्यांना सांगण्याऐवजी मी बाहेर ओट्यावर जाऊन मित्रांना फोन करत बसलो. ज्याने बखरीचा विनोद केला होता त्याला तर काही आठवतच नव्हतं, "कसला व्हिडिओ रे?" म्हणाला. माझ्या मानेवर चार वर्षं जे होतं त्याची त्याच्याकडे खूणही नव्हती. संध्याकाळी त्यालाच तो जुन्या फोनमध्ये सापडला, तुतारीचा नाही, मूळचा, अख्खा. मी तो ऐकला. माझं हसू काढून टाकता येईल का ते पाहिलं. गावातल्या एका फोटो स्टुडिओतल्या माणसाने तासभर खटपट केली आणि मान हलवली. दोन आवाज एकमेकांवर बसले आहेत, म्हणाला. एक काढला की दुसऱ्याचे शब्द जातात.

तेव्हा कुठे मी मामींसमोर बसून सगळं सांगितलं. का काढला, कुणाला पाठवला, कसा पुसला. मालिनी दारात उभी होती. मामींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं,

"मग, कोणता शब्द चुकला होता?"

"एकही नाही, मामी."

त्यांनी मान डोलावली. "मजला ठाऊक होतें," त्या म्हणाल्या. "त्यांस ठाऊक नव्हतें. तें तुम्हीं सांगायचें होतें."

त्यांनी फोन घेतला, चित्रफीत कशी लावायची ते मालिनीकडून दोनदा शिकून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेल्या.

आम्ही आणखी आठ दिवस तिथे होतो. रोज सकाळी कॉफीचं दूध चुलीवर ठेवलं की मामी फोन फळीवर डब्याला टेकवून उभा करत आणि तो आवाज लावत. मी बाहेरच्या खोलीत असायचो. मामा सांगत, गाडी निवूं द्या, घाई करूं नये. बादलीत पाणी पडल्याचा आवाज. मग मधूनच माझं हसू यायचं, अगदी जवळून, कारण फोन माझ्याच हातात होता. आणि त्याच्या पाठोपाठ, हे मी इतक्या वर्षांत कधी नीट ऐकलं नव्हतं, मामाही हसतात. मोकळं, खूश होऊन. जावयाला आपलं बोलणं आवडलं असं वाटून हसतात... आणि पुढचं आणखी मन लावून सांगायला लागतात.