जुळ्या शहराने दिलेला दगड

जाऊच्या खांद्यावर मी पाय दिला तेव्हा ती ओरडली नाही. ओरडायला तिच्या छातीत हवाच उरली नव्हती. समोर स्टेडियमचं फाटक, त्याला साखळी आणि कुलूप, आणि मागून अख्खी गॅलरी आमच्यावर आलेली. मंडपाची वायर जळून धूर झाला होता. आग काही मोठी नव्हती. मी फाटकावर चढले आणि पलीकडे रस्त्यावर पडले. वळून हात दिला नाही. देता आला असता का, माहीत नाही.

कुलूप कशाला होतं, तर सत्कारासाठी. मुलींच्या कबड्डीचा शेवटचा सामना संपला होता आणि पाहुण्यांना शाल-नारळ द्यायचा राहिला होता. सामना संपला की लोक उठून जातात, भाषणाला कुणी थांबत नाही, हे आमच्याकडच्या पुढाऱ्यांचं जुनं दुखणं. म्हणून सत्कार होईपर्यंत फाटक लावायचं आणि कोंडलेल्या माणसांकडून टाळ्या वाजवून घ्यायच्या. स्टेजच्या मागे वेगळं दार होतं. पाहुणे तिथून शालीसकट निघून गेले.

दोन वर्षांनी कळलं की आपल्या शहराला परदेशात एक जुळं शहर आहे. तिकडेही गाड्यांचे कारखाने, इकडेही, म्हणून जुळं. आमचे साहेब तिकडे जाऊन बर्फात फोटो काढून आले, तिकडचे इकडे येऊन मिसळ खाऊन गेले. या जुळेपणाचा आणखी कुणाला उपयोग झाल्याचं मी ऐकलेलं नाही. पण त्यांच्याही स्टेडियममध्ये पूर्वी माणसं चेंगरून मेली होती. म्हणून त्यांनी आमच्या मेलेल्यांसाठी दगड पाठवला. काळा, गुळगुळीत, पुरुषभर उंच. वर ‘या मैदानात गेलेल्यांच्या स्मरणार्थ’ एवढंच कोरलेलं, खाली जागा मोकळी. नावांसाठी.

भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, जाऊ गेल्यापासून बोलावल्याशिवाय जेवत नव्हते. दगडाचं ऐकलं आणि आपणहून पाटावर येऊन बसायला लागले. ते शाळेत गेलेले नाहीत. मी चौथी. मला म्हणाले, “तुला वाचता येतंय. माझं बोट तिच्या नावावर ठेव. मला दुसरं काय नको.”

उद्घाटनाला आम्ही बसने भोसरीला, त्याच स्टेडियमवर गेलो. भावजींच्या पिशवीत झेंडूचा हार होता. स्टेज होतं, शाली होत्या, नारळ होते. तिकडून एक बाई आली होती, माझ्याच वयाची, आखूड पांढऱ्या केसांची. तिचा भाऊ तिकडच्या स्टेडियममध्ये गेला, असं माइकवर सांगितलं. मग पडदा ओढला.

“कुठं हाय?” भावजी म्हणाले.

मी स्मरणार्थच्या खालचं वाचायला लागले. यांच्या शुभहस्ते. यांच्या प्रमुख उपस्थितीत. यांच्या विशेष प्रयत्नातून. शेवटी ठेकेदार.

“पहिलं नाव कुनाचं?”

“स्टेजवर मधल्या खुर्चीत बसलाय त्याचं.”

“त्याच्या खालचं?”

“त्याच्या शेजारच्याचं.”

“मग मेलं कोन?”

यात कुणाचा काही डाव नव्हता. डाव असता तर निदान डोकं चालवलं असं म्हटलं असतं. आमच्याकडे सार्वजनिक मुतारीवरसुद्धा शुभहस्ते असतं. दगडावर मोकळी जागा दिसली, यांनी आपली नावं घातली. संपूर्ण ऑफिसात एकालाही त्यात चूक दिसली नाही.

ती बाई खाली आली. तिला मराठी कुठून वाचता येणार? तिने फुलं ठेवली, डोळे मिटले आणि पहिल्या नावावर तळहात ठेवून उभी राहिली. नावाचा मालक तिच्या मागे शाल सावरत फोटो काढून घेत होता.

मी दुभाषी पोरीला म्हटलं, “तिला सांग, ती ज्याच्यासाठी रडतेय तो मागं उभा आहे.”

“आजी, असं कसं सांगू?”

“मी सांगितलं तसं.”

“नोकरी जाईल माझी.”

मग मीच बाईचं मनगट धरलं. तिचं बोट नावावर ठेवलं आणि माझं बोट स्टेजकडे केलं. दुसरं नाव, दुसरा माणूस. तिसऱ्याला तिने हात काढून घेतला.

एक साहेब पळत आले. “मावशी, मृतांची नावं पुढच्या टप्प्यात घेऊ. जागा बघावी लागेल.”

“एवढा मोठा दगड भरला व्हय?” भावजी म्हणाले. ओरडले नाहीत. हार पिशवीतून काढलाच नव्हता.

बाईने वही काढून माझ्यापुढे धरली. पोर आता नीट सांगायला लागली, “तुमच्या माणसाचं नाव लिहा म्हणते. तिकडे त्यांच्या दगडावर कोरून घेईल.”

मी लिहिलं. जाऊचं, भावजींचं, आडनाव.

“तिकडं कोन वाचनार?” म्हणून भावजी बसस्टॉपकडे चालू लागले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

मी निघताना बाईने आणखी एक विचारलं. पोरीने सांगितलं, “तुम्ही त्या दिवशी तिथं होता का, असं विचारते.”

होते म्हटलं. आमच्या घरातून दोघी गेलो होतो. ती मेली, मी वाचले.