मेणातले अण्णाकाका

वितळत्या मेणाला एक उबदार वास असतो. थोडा मधाचा, थोडा जुन्या देव्हाऱ्याचा. मार्च संपत आला तरी कॅनडातल्या आमच्या ग्वेल्फमध्ये अंगणातला बर्फ हलत नाही, खिडक्या उघडायची सोय नसते, आणि म्हणून त्या आठवड्यात बेसमेंटमधून निघालेला तो वास जिना चढून स्वयंपाकघरात, तिथून कपाटातल्या स्वेटरांत आणि अखेर आमच्या उशांपर्यंत जाऊन पोहोचला होता. बायकोचा स्लो कुकर, ज्यात एरवी राजमा शिजतो, तो लेकीनं मेण वितळवायला पळवला होता. त्यावरून मायलेकींमध्ये जे व्हायचं ते झालं आणि कुकर खालीच राहिला.

ईरा, माझी लेक, इथल्याच विद्यापीठात प्राचीन रोमचा अभ्यास करते. ओळखीतल्या इंजिनिअर मंडळींना हे सांगितलं की कोणीतरी 'पुढे लॉ करता येतं' असं म्हणून माझं सांत्वन करतं. या वर्षी तिच्या वाट्याला एक रोमन सरदार आला होता. त्याचं घराणं, त्याची राजकीय कारकीर्द आणि त्या घराण्यातली मुखवट्यांची चाल, हे सगळं तिला वर्गापुढे मांडायचं होतं. त्या सरदाराचं लांबलचक नाव आमच्यापैकी कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून घरात त्याचा 'रोमन काका' झाला.

काय विलक्षण चाल होती ती! मोठ्या घराण्यातल्या, मोठं पद भोगलेल्या पुरुषांचे मेणाचे हुबेहूब चेहरे करायचे, दर्शनी दालनात लाकडी कपाटांत ठेवायचे, खाली नाव आणि पदं लिहायची. घरात कोणी गेलं की ती कपाटं उघडायची आणि ते चेहरे लावलेली माणसं अंत्ययात्रेत पुढे चालायची. म्हणजे जाणाऱ्याला पोहोचवायला त्याचे सारे पूर्वज घराबाहेर पडायचे. आपण फोटोला हार घालतो आणि भिंतीकडे पाहणं विसरून जातो. त्यांनी मात्र मृतांना चालतं ठेवलं होतं.

ईराला नमुन्यासाठी एक चेहरा हवा होता, तोही पद भोगलेल्या माणसाचा. तसं एक माणूस घरात होतं. अण्णाकाका विदर्भातल्या आमच्या छोट्या गावचे माजी नगराध्यक्ष. गेल्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा विलास दम्यानं गेला, घरी पाहणारं कोणी उरलं नाही, आणि मी त्यांना व्हिजिटर व्हिसावर इकडे घेऊन आलो. आता व्हिसा संपत आला होता आणि ते परत जायचं म्हणत होते.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. अण्णाकाका माझे काका नाहीत, ते माझे जन्मदाते वडील. नागपुरातले त्यांचे चुलतभाऊ निपुत्रिक होते. मी पहिलीत असताना अण्णांनी मला त्या भावाच्या मांडीवर दिलं. होमाचा धूर डोळ्यांत गेल्याचं तेवढं आठवतं, आणि धूर निवल्यावर अण्णांनी वाकून सांगितलेलं आठवतं की आजपासून मला काका म्हणायचं. मी म्हणू लागलो. नागपूरचे बाबा देवमाणूस होते, त्यांनी मला कशाचीही उणीव भासू दिली नाही. पण दोन भावांतला मी थोरला, आणि थोरला मुलगा दत्तक देत नाहीत ही आपली रीत. गावात कुजबुज झाली होती, ती माझ्याही कानावर आली. विलासला ठेवलं आणि मलाच का दिलं, हा प्रश्न मी नागपूरहून कॅनडापर्यंत बरोबर वागवला, आणि तो विचारण्याची जागा मला कधीच सापडली नाही. आता तर विमानाचं तिकीटसुद्धा काढून झालं होतं!

दुपारच्या चहाला ईरा रोमन काकाची कारकीर्द वाचून दाखवायची, आणि अण्णाकाका ती एखाद्या जुन्या सहकाऱ्याची खबर ऐकावी तशी ऐकायचे. रस्ते, बाजार आणि उत्सव पाहणारं पद त्यानं आधी भूषवलं, हे ऐकून म्हणाले, म्हणजे आपली बांधकाम समिती. पुढे तो न्यायाधिकारी झाला, स्पेनमध्ये सैन्य घेऊन गेला, यावर त्यांनी नुसती मान डोलावली. पण सर्वोच्च पदाच्या निवडणुकीत तो पडला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा पडला, हे कळताच ते खुर्चीत सावरून बसले. कोणी पाडलं, आपल्यातल्यांनीच ना, अशी चौकशी सुरू झाली. अखेर ते पद मिळालं, मग लोकांनी त्याला परत नाकारलं, आणि तो घरी बसून मुलांच्या शिक्षणात रमला. साठीला टेकल्यावर मात्र युद्ध आटपेना तेव्हा लोकांना तोच आठवला, आणि तो एका राजाला जिंकून परतला. अण्णाकाकांचं त्यावर एकच मत होतं: लोकांना म्हातारा अडचणीतच आठवतो.

साचा घ्यायचा तो शनिवार उजाडला. बेसमेंटमधल्या सोफ्यावर अण्णाकाका आडवे झाले. ईरानं त्यांच्या चेहऱ्याला व्हॅसलिन चोपडलं, नाकपुड्या मोकळ्या ठेवून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या बसवल्या, आणि ते सुकेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही अशी ताकीद दिली. आजोबांना कंटाळा येऊ नये म्हणून उरलेली गोष्टही सांगू लागली. रोमन काकाला चार मुलं होती. त्यानं थोरली दोन्ही दुसऱ्या मोठ्या घराण्यांत दत्तक दिली आणि धाकटी दोन आपल्या नावासाठी ठेवली.

मी तिला हातानं थांब म्हणत होतो. तिचं लक्ष पट्ट्यांकडे होतं. विजयाची मिरवणूक निघाली, पुढे बंदी राजा चालला होता, आणि त्याच दिवसांत घरी ठेवलेली दोन्ही मुलं गेली, एक मिरवणुकीच्या आधी, एक नंतर. मग तो लोकांपुढे उभा राहिला आणि त्यानं सांगितलं की राज्यावर येणारं अरिष्ट माझ्या घरावर येवो असं मीच मागितलं होतं, ते आलं, आता तुम्ही निर्धास्त राहा. हे सांगून ईरा थांबली. विलासकाकाची आठवण तिला तेव्हा झाली असावी, कारण ती एकदम गोरीमोरी झाली. पांढऱ्या प्लास्टरखाली अण्णाकाका निश्चल होते, फक्त छातीवरचे हात एकमेकांत गुंतले होते. मी त्या हातांवर माझा हात ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता, नमस्काराला वाकायचो तेवढंच.

साचा निघाला. चेहरा पुसून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न ईराला केला.

"दिलेल्या दोघांनी मग पुढं काय केलं?"

"दे केम, आजोबा. रोमन लोक फ्युनरलला गेम्स ठेवायचे, तो गेला तेव्हा ते त्या दोघांनीच ऑर्गनाइझ केले."

त्यांनी टॉवेलची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता, नगरपालिकेच्या सभेत खुलासा करावा तशा सपाट स्वरात म्हणाले, "विलासला जन्मापासून दमा. आजारी पोर भावाच्या पदरात कसं टाकायचं? द्यायचं तर आपल्याजवळचं चांगलं ते द्यावं लागतं."

एवढंच! ज्याला मी आयुष्यभर नाकारलं जाणं समजत होतो, ती निवड होती. मला आनंद झाला, पण त्या वाक्यात विलासही होता. आणि चांगलं देऊन टाकल्यावर ज्या घरात ते राहिले, त्या घराचं काय, हे मला आजवर सुचलंच नव्हतं.

आठवड्याभरात मेणाचा चेहरा तयार झाला. खाली नाव आणि पदं लिहायची वेळ आली तेव्हा ईरानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, 'माझे वडील' असं लिही. अण्णाकाकांनी तिचा हात धरला.

"काकाच लिही, बाळा. भावाला शब्द दिलाय."

तिनं तसंच लिहिलं. नागपूरचे बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण दिलेला शब्द घेणाऱ्याबरोबर जात नाही, असं मानणारी ही पिढी. तिच्याशी काय वाद घालणार?

मुखवटा कोणी लावायचा, याचाही रोमनांचा नियम होता: उंचीनं आणि चालीनं जो मूळ माणसाशी सर्वांत मिळताजुळता असेल, त्यानं. ईरानं तो वाचून दाखवला आणि कसलाही विचार न करता मुखवटा माझ्या हातात ठेवला. मी तो चेहऱ्यावर धरला आणि वॉशर-ड्रायरपासून जिन्यापर्यंत चालत गेलो. अण्णाकाका खालच्या पायरीवर बसून पाहत होते.

"त्याला म्हणावं, डावा खांदा जरा खाली. मी तसा चालतो."

"आजोबा, इट्स ऑलरेडी डाउन," ईरा म्हणाली.

 मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांतून मला अण्णाकाका दिसत होते, पायरीच्या कडेला सरकून माझ्यासाठी जागा करताना. मी मुखवटा न काढताच त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. आत मधाचा वास होता, देव्हाऱ्याचा होता, आणि बारकाईनं घेतला तर होमाच्या धुराचाही.