पणजोबांचं नाव

मुंबईच्या एका कचेरीत मी नकाशे काढायचो. माझा हात पाहून एका साहेबाने मला मिसर देशात नेलं. तिथे तीन हिवाळे मी थडग्यांच्या भिंतींवरची अक्षरं उतरवली. ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशने ठोकायचा, वाळला की अक्षरांच्या ठशासकट अलगद सोलून घ्यायचा. हळूहळू ती लिपी वाचताही येऊ लागली. तिथल्या मेलेल्यांचं मागणं एकच: वाटसरू, माझं नाव घे, म्हणजे मला भाकरी आणि पाणी पोचेल. साहेब हसायचा. मी मात्र आसपास कोणी नाही असं बघून नाव वाचून टाकायचो. आपलं काय जातंय!

वडील गेल्याचं पत्र तिथेच आलं. वर्षश्राद्धासाठी कल्याणला पोचलो, तर आमचे उपाध्याय दारातच उभे. समुद्र ओलांडला, प्रेतांना हात लावला. आधी प्रायश्चित्त घ्या. पंचगव्याला माझी ना नव्हती. पण केलं ते पाप होतं, पुन्हा जाणार नाही, असं चारचौघांत म्हणायचं होतं. माझं डोकं फिरलं. "पाप नाही ते," म्हणालो, "विद्या आहे." झालं! थोरला मुलगा मी, पण श्राद्धाला धाकट्या भावाला बसवलं आणि मला ओट्यावर.

दारातून सगळं दिसत होतं. वडिलांचं नाव झालं, आजोबांचं झालं. पणजोबांचं काही भावाला आठवेना. बिचारा घामाघूम झाला. मला ठाऊक होतं. मी मोठ्याने सांगितलं. उपाध्यायांनी मान वर केली नाही. मी पुन्हा सांगितलं, ओरडूनच.

"बाहेरच्याच्या तोंडचं इथे चालायचं नाही," ते भावाला म्हणाले.

आईलाही ते नाव ठाऊक होतं, पण सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव तिने जन्मात उच्चारलं नव्हतं. ती माजघराच्या दारात तोंडाशी पदर धरून उभी राहिली. शेवटी नाव माहीत नसलं तर जे म्हणतात ते म्हणून भावाने पणजोबांना पाणी सोडलं. मला फार लाज वाटली. कोणाची, ते अजून कळलेलं नाही.

दुपारी माझं पान ओट्यावर आलं. आई चार हात लांब बसली. मी आल्यापासून ती रोज विचारायची, "अरे, आता राहशील ना?" त्या दिवशी तिने माझं जेवण होऊ दिलं. मग अगदी मायेने म्हणाली, "परत कधी निघतोस?"