गेरूखालचा गंज

गाडी बुढ्याच्या अंगावर आली तेव्हा मी अंगणात मिरच्या वाळत टाकत होते. आधी कडक पापड मोडावा तसा आवाज झाला. मग अख्खी गाडी एका बाजूला बसली. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते, गुडघ्याखालचे. एका पायातली चप्पल निघून पडली होती.

बुढा म्हणजे माझा नवरा.

मी मिरच्या तिथेच टाकल्या. जाऊन पायाला हात लावला. पाय गरम होता. उन्हाळ्यात सगळंच गरम असतं, त्यावरून काही समजत नाही.

"काहो, जित्ते हाय ना?"

खालून उशिरा आवाज आला. "हाव. पण दम अर्धाच येऊन राह्यला."

सून घरातून धावत आली. ती बुलढाण्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. मी पाय धरून ओढायला लागले होते, तिने माझे हात धरले. म्हणाली, "आत्या, ओढू नका. आधी गाडी उचला, मग मामाजी." ती पोटावर झोपून खाली पाहून आली. जॅक दाराखालच्या पट्टीत घुसून आरपार वर गेला होता. गाडी टेकली होती ती बाभळीच्या ओंडक्यावर. ओंडक्यामुळे गाडी आणि जमीन यांच्यामध्ये जेवढी जागा उरली होती तेवढ्यात बुढ्याची छाती मावली होती, पण जेमतेम.

गल्लीतली माणसं आली. त्यांनी एका बाजूने गाडी उचलून धरली आणि आम्ही दोघींनी त्याला पोत्यावर घेऊन बाहेर सरकवलं. शेजारच्याच्या ऑटोत घालून बुलढाण्याला नेलं. बरगड्या मोडल्या होत्या. आत काही फाटलं नव्हतं.

आता ती पट्टी मोडली कशी, ते सांगते.

मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे. सुनेची ड्युटी पहाटेची, आणि आमच्या गावातून पहिली एसटी निघते तोवर तिची ड्युटी लागून गेलेली असते. म्हणून मुलाने जुनी गाडी घेतली. आधीचा मालक कोकणातला, समुद्राच्या कडेला राहणारा. गाडी अंगणात आली तेव्हा बुढ्याने इंजिन ऐकलं, टायर दाबले, हॉर्न वाजवला. बैल घेताना हा माणूस शेपटी उचलून पाहतो, खूर उचलून पाहतो. गाडीच्या पोटाखाली मात्र कोणी वाकलं नाही. आमचा कोरडा मुलूख. समुद्राची हवा लोखंड खाते हे आम्हाला कोण सांगणार?

पहिल्याच पावसाळ्यात सुनेचे पाय ओले झाले. रबरी चटई उचलली तर खाली पत्र्याचे पापुद्रे सुटत होते, कांद्याच्या सालीसारखे.

बुढ्याने त्यावर घरचा उपाय केला. आमच्याकडे दिवाळीच्या आधी भिंतीला पांढरी माती देतात, ओट्याला गेरू देतात. जुना थर कोणी खरवडत नाही, त्याच्यावरच नवा चढवतात. फाटकाला लावून उरलेला लाल रंग होता, रेड ऑक्साईड म्हणतात तो. तो त्याने गाडीला खालून फासला. गाडीचं पोट ओट्यासारखं लालचुटूक झालं.

सून म्हणाली होती, "मामाजी, आधी घासा, मग लावा. मी मोबाईलवर पाह्यलं."

"घासलं तं पत्राच नाही उरणार," बुढा म्हणाला.

म्हणजे त्याला समजत होतं. तरी फासला. ओटा आणि लोखंड यांत फरक आहे. ओट्याची माती थराखाली मरत नाही. लोखंडाचा गंज रंगाखाली आपलं काम चालूच ठेवतो, आणि आता तो कोणाला दिसतही नाही. रंगावर भरोसा ठेवून बुढ्याने पाऊस लागायच्या आधी दुसरा हात द्यायला गाडी उचलली. जॅक लावायची जागा बाकी सगळ्यासारखीच लाल आणि गुळगुळीत होती. आत काही नव्हतं.

पण तो जुना गाडीवान आहे. बैलगाडीच्या चाकाला वंगण द्यायचं तर आखाखाली ओंडका दिल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, हे त्याच्या हाडात आहे. म्हणून त्या दिवशीही आधी ओंडका लोटला आणि मग तो खाली शिरला. एका सवयीने माणूस दाबला गेला, दुसरीने सुटला. दोन्ही सवयी त्याच्याच.

दवाखान्याच्या बाकावर सून म्हणाली, "आत्या, मी बुलढाण्यात खोली पाहते. पोरीलेही नेईन. या गाडीत आता तिले बसवायची नाही."

ती रागात नव्हती. तिचं बरोबर होतं. ती गेली असती तर घरात दोन बुढे आणि एक बाज उरली असती. नात गेली की घर गेलं, एवढं मला त्या बाकावर समजलं. मी म्हणाले, "मृग लागेलोक थांब. तोवर नीट झाली तं झाली. नाही तं मीच तुयं सामान बांधून देईन."

देऊळघाटचा वेल्डर बोलावला. फाटकं, खिडक्या करणारा माणूस. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, भंगारात द्या."

"सगळीच का?"

"आता ठोकून पाह्यल्याशिवाय कसं सांगू? सगळं तं लाल करून ठेवलं काकांनी."

मग आम्ही ठोकून पाहिलं. बाजारात मडकं घेताना बोटाने वाजवून पाहतो तसंच, फक्त बोटाच्या जागी छोटी हातोडी. चांगला पत्रा टणकन वाजतो. सडलेला भदभद करतो. भदभद झालं तिथे मी नातीच्या खडूने गोल काढला. गोल पुष्कळ झाले. पण वेल्डरने बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाला, "गाडीचं वजन पेलणारे मधले दांडे चांगले हाय. तिथं सडलं असतं तं मी हात नसता लावला."

त्याने बॅटरीची वायर सोडली. सीटा, चटया सगळं बाहेर काढलं. पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला ओली पोती टाकली आणि मला पाण्याची बादली देऊन बसवलं. सडलेलं कापून टाकलं, नुसतं झाकलं नाही. त्याच्या जागी जाड पत्रा बसवून चारी बाजूंनी वेल्डिंग केलं. दाराखालची पट्टी तर पूर्ण नवी घातली.

बाकीचं आम्ही दोघींनी केलं. सून ड्युटीवरून आली की आम्ही पदर खोचून बसायचो. तारेच्या ब्रशने घासायचं, मग पॉलिश पेपरने, आतून पांढरं लोखंड दिसेपर्यंत. माझ्या नाकातून लाल धूळ निघायची.

बुढा बाजेवर पडून पाहत होता. छातीला पट्टा. "मी असतो तं एका दिवसात केलं असतं," म्हणाला.

"तुम्ही एका दिवसातच केलं होतं," मी म्हणाले. "म्हणून तं पट्टा लागला."

"बुढे, हासवू नको. दुखते."

घासून झालं त्याच दिवशी लाल रंग दिला, कारण उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तरी पुन्हा गंज धरतं. हा रंग वाईट नाही. घासलेल्या लोखंडावर तो आपलं काम करतो. तो पूर्ण वाळल्यावर वरून काळा जाड लेप दिला, डांबरासारखा. पट्टीच्या आत हात जात नाही, तिथे नळीने पातळ मेण सोडलं.

दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. ती बुजलेली होती. मी झाडूची काडी घालून मोकळी केली तर आतून माती पडली. लाल माती. आमची माती काळी आहे. ती कोकणातलीच होती, आणि इतके दिवस आमच्या दारात ओली होऊन बसली होती.

शेवटी पट्टीला जॅक लावून पाहायची वेळ आली. कोणी पुढे होईना. बुढा बाजेवरून उठला, पट्टा धरत आला, आणि ओंडका पायाने लोटत गाडीखाली नेला. "आता उचला," म्हणाला. सुनेने जॅक फिरवला. चाक जमिनीवरून सुटलं. पट्टी कुरकुरली नाही. सून बराच वेळ तिथेच उकिडवी बसून पट्टीकडे पाहत राहिली. खोलीचं ती त्या दिवशी काही बोलली नाही. पुढेही बोलली नाही.

मृग लागला. मी आता चटईखाली बारदान टाकू देत नाही, ते ओल धरून ठेवतं. शेतातून खताची पोती गाडीत आणू देत नाही. चटया मिरच्यांच्या शेजारी उन्हात टाकते. दिवाळीला घराला गेरू देते तेव्हा हातोडी घेऊन गाडीही वाजवून पाहते. एका कोपऱ्यात पुन्हा थोडं धरलं होतं. घासलं, रंग दिला. गंज संपत नाही, आपण त्याच्या मागे लागायचं.

सून पहाटे गाडी काढते. नात माझ्याजवळ झोपलेली असते.

त्या दिवशी गाडीखाली माझा नवरा होता. तो वाचला. आता बाजेवर बसून चहा मागतो आहे.